गुडघा बदलायचा ठरला, तारीख मात्र लांब आहे

गुडघ्याच्या सांधेबदलाविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल आणि नंतरच्या पथ्याबद्दल पुष्कळ विचारलेले असते, परंतु निर्णय झाल्यापासून रुग्णालयात दाखल होईपर्यंतच्या महिन्यांबद्दल क्वचितच कोणी विचारते. आपल्याकडे ही वाट केवळ सरकारी रुग्णालयातील यादीमुळे पाहावी लागते असे नाही. मुलाची रजा, नातीचे लग्न, शेतातील काढणी, विम्याची मुदत, आटोक्यात न येणारी साखर अशी कारणे असतात आणि त्यांत सहज चार-सहा महिने निघून जातात. या वेळी योगायोगाने आलेली पाच पत्रे नेमकी याच काळाबद्दल असल्याने संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्यांनी येथील मजकूर आपल्या डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६७ आहे. तिचे दोन्ही गुडघे झिजले असून उजवा अधिक दुखतो. सर्जनांनी उजवा गुडघा बदलण्यास सांगितले आहे. पण सोयाबीनची काढणी आणि भावाची रजा पाहता शस्त्रक्रिया दिवाळीनंतरच होईल, म्हणजे अजून चार महिने आहेत. ‘चालशील तितका गुडघा आणखी झिजेल’ असे शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून आईने फिरणे सोडले आहे. दिवसभर ती गुडघ्याखाली उशी घेऊन पलंगावर पडून असते. तिने विश्रांती घ्यावी की चालावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काकूंचा सल्ला मायेपोटी आलेला असला तरी तो चुकीचा आहे, आणि त्यातील उशी तर मला सर्वांत अधिक खटकते.

आधी झिजेबद्दल सांगते. जो सांधा चार महिन्यांनी बदलायचाच आहे, त्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, वाचवण्यासाठी आईंना पलंगावर बसवून ठेवण्यात काहीच हशील नाही. शस्त्रक्रियेत सर्जन हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि त्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवतात. मांडीचा स्नायू मात्र बदलून मिळत नाही. जो स्नायू घेऊन आई टेबलावर जातील तोच घेऊन त्या परत येतील, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे तो आणखी दुबळा झालेला असेल. दुखणाऱ्या गुडघ्यावरचा हा स्नायू न वापरल्यास फार लवकर आटतो. आपण शिवणकामाच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर मोजून पाहा. उजवीकडचा घेर कमी भरण्याची शक्यता पुष्कळ आहे. शस्त्रक्रियेआधी ज्यांचे चालणे-उठणे अगदी खालावलेले असते, ते नंतर सुधारतात खरे, परंतु बरे चालत असलेल्या रुग्णांइतके पुढे ते बहुधा जात नाहीत.

आता उशीबद्दल. दुखरा गुडघा किंचित वाकलेला ठेवला की आतल्या पाण्याचा ताण कमी होतो आणि बरे वाटते, म्हणून उशी हवीशी वाटते. पण दिवसरात्र तसे ठेवल्यास गुडघ्यामागच्या लवणीतील स्नायू आणि सांध्याचे आवरण आखडते, पाय पूर्ण सरळ होईनासा होतो आणि चालताना सतत वाकलेल्या गुडघ्यावर भार आल्याने मांडी लवकर थकते. आईंना कठीण पलंगावर पाय पसरून उताणे झोपवा आणि त्यांच्या लवणीखाली आपला तळहात सरकवा. गुडघा खाली दाबून त्यांना तो हात चेपता येत असेल तर ठीक आहे. हात मोकळाच सरकत राहिला तर गुडघा आखडू लागला आहे असे समजावे. त्यासाठी टॉवेलची गुंडाळी लवणीखाली न ठेवता टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपल्याच वजनाने सरळ होत जातो. सुरुवातीला पाच मिनिटे आणि सवय झाल्यावर दहा मिनिटे, असे दिवसातून दोन-तीनदा करावे. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घेण्यास हरकत नाही.

व्यायाम तीनच पुरेत. पहिला म्हणजे हात चेपण्याचीच क्रिया : लवणीखाली छोटी घडी ठेवून, पायाचा पंजा स्वतःकडे ओढून, गुडघा खाली दाबायचा, श्वास न रोखता दहा अंक मोजायचे आणि सोडायचे, असे दहा वेळा. दुसऱ्यात डावा गुडघा वाकवून उजवा पाय सरळच ठेवून वीतभर उचलायचा आणि पाच अंक मोजून सावकाश खाली आणायचा. तिसरा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो रोजच्या जगण्यातलाच आहे : हातांच्या खुर्चीवर जाड उशी घालून बसायची उंची वाढवायची आणि हातांवर शक्य तितका कमी भार देऊन उठायचे, मग धप्पकन न बसता सावकाश बसायचे. आठवड्यागणिक उशी पातळ करत न्यावी. चालणे सपाट जागी असावे आणि सलग अर्धा तास चालण्याऐवजी दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे.

किती दुखले तर थांबायचे, हा पुढचा प्रश्न असणारच. व्यायाम करताना थोडे दुखणे अपेक्षित आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळपेक्षा अधिक सुजलेला किंवा ठणकत असेल तर त्या दिवशी व्यायाम निम्मा करावा, बंद करू नये. सकाळी सांधा अवघडलेला असेल तेव्हा शेक बरा वाटतो आणि संध्याकाळी सूज आली असेल तर बर्फ बरा वाटतो. दोन्ही पंधरा मिनिटांपुरते आणि कापडातून घ्यावेत. मधुमेहामुळे पाय बधिर असल्यास शेक घेऊ नये, चटका बसल्याचे कळतही नाही.

शेवटी काठीबद्दल. उजवा गुडघा दुखत असताना काठी डाव्या हातात धरायची असते आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे टाकायची असते. नाटकासिनेमांतील म्हातारे ती दुखऱ्या बाजूला धरतात आणि आपण तेच पाहून शिकतो. काठीची उंचीही बघावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी दिवंगत यजमानांची सागवानी काठी वापरत. ती इतकी उंच होती की त्यांचा खांदा कानापाशी जाई आणि गुडघ्याबरोबर मानही दुखू लागली होती. काठी कापायला त्या तयार होईनात. अखेर मुलाने सुताराकडून खालून दोन इंच कापून आणली, तो तुकडा त्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि दुसऱ्या आठवड्यात मानेची तक्रार गेली. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीशी येईल एवढी मूठ योग्य समजावी, आणि खाली रबरी बूच असलेच पाहिजे. जिना चढताना आधी डावा, म्हणजे बरा पाय वर जातो. उतरताना आधी दुखरा पाय खाली जातो आणि काठी त्याच्याबरोबर असते.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि पायांवरील सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. मधुमेहही आहे. शस्त्रक्रियेला तीन महिने असल्याने मी औषधांच्या दुकानातून ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची संयुक्त गोळी आणून रोज दोनदा घेतो आणि त्याने भागले नाही तर पॅरासिटामॉल वेगळी घेतो. शिवाय एका परिचिताने दिलेली संधिवाताची पुडी घेतल्यापासून फारच आराम आहे. हे असेच चालू ठेवले तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, आणि या पत्रातील दोन गोष्टींसाठी आपण या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांकडे जावे असे मी आग्रहाने सांगेन.

पहिली गोष्ट आपल्या तीन गोळ्यांच्या एकत्र येण्याची आहे. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही सारी एकाच कुळातील वेदनाशामके मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीला हे वेदनाशामक आले की तिघे मिळून मूत्रपिंडावर असा भार टाकतात की उलट्या-जुलाबांसारख्या साध्या आजारातही ते अचानक थकू शकते. उतारवय आणि मधुमेह हे धोके वेगळेच. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसले तर शस्त्रक्रिया पुढे जाईल, म्हणजे ज्या वेदनेसाठी ही गोळी घेतली तीच लांबेल. शौचाला काळी होणे, लघवी कमी होणे किंवा सूज अचानक वाढणे यांपैकी काही दिसले तर या कुळातील गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी दाखवावे.

संयुक्त गोळीत पॅरासिटामॉल बहुधा ३२५ मिलिग्रॅम असतेच, हेही लक्षात ठेवावे. वेगळी गोळी घेताना ते धरून हिशेब करायचा असतो. आपल्या वयात डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दिवसभरात सर्व मिळून ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि यकृताचा आजार असल्यास त्याहूनही कमी घ्यावे. मग वेदनेसाठी काय करायचे? गुडघा हा त्वचेलगतचा सांधा असल्याने डायक्लोफेनॅकचे मलम त्यावर बऱ्यापैकी काम करते आणि रक्तात फारच थोडे जाते; तरीही आपल्या मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावरच डॉक्टरांना विचारून ते सुरू करावे. पॅरासिटामॉल घ्यायचीच तर कळ असह्य होईपर्यंत थांबून न घेता, फिरायला किंवा व्यायामाला निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या कुळातील गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यांनी मलावरोध आणि चक्कर येते, तोल गेलेला माणूस पडतो, आणि शरीराला सवय झाली की शस्त्रक्रियेनंतरची वेदना आवरणे अवघड जाते. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांवर खर्च करण्याऐवजी तो पैसा काठी आणि कमोडच्या खुर्चीवर घालावा.

दुसरी गोष्ट ती पुडी. वर्षानुवर्षांचे दुखणे दोन-चार दिवसांत नाहीसे व्हावे, भूक वाढावी, चेहरा गोल दिसू लागावा आणि साखर मात्र चढत जावी, असे होत असेल तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शंका घ्यावी. स्टेरॉइड बराच काळ पोटात गेले की शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते. म्हणून पुडी आज फेकून देऊन एकदम बंद करणे हेही धोक्याचे आहे आणि ती लपवून शस्त्रक्रियेला जाणे त्याहून अधिक, कारण त्या ताणात रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. पुडीचे पाकीट जसे आहे तसे घेऊन फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावे. ओशाळण्याचे कारण नाही. ही पाकिटे त्यांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

साखरेबाबत बहुतेक सर्जन तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ७.५ ते ८ च्या खाली असल्याशिवाय तारीख पक्की करत नाहीत, कारण त्यापुढे जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. किडलेला दात, लघवीतील जळजळ, पायाच्या बोटांमधील चिखल्या या बारीकसारीक गोष्टीही आताच निस्तराव्यात. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर ती निदान चार आठवडे आधी सुटली पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. कधी थांबवायची ते सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.

प्रश्न : शस्त्रक्रियेला सात आठवडे आहेत. तोवर गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन दिवस काढावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घेऊ नये. इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो हे खरे आहे, परंतु इंजेक्शनानंतर तीन महिन्यांच्या आत गुडघा बदलल्यास नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. म्हणून सात आठवड्यांच्या आराखड्यात त्याला जागा नाही. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी अलीकडेच ते दिलेले असेल तर तारखेसह आपल्या सर्जनांना सांगावे, मग शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली तरी चालेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई बावीस वर्षे माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी जातात. आषाढीनंतर दहा दिवसांनी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. ‘एवढी एक वारी पायी करते, मग काय ते कापा’ असे त्या म्हणतात. घरातील कोणाचेच त्या ऐकत नाहीत. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : बावीस वर्षांच्या नेमापुढे ‘नाही’ हा शब्द टिकत नाही, हे मला माहीत आहे, म्हणून त्यांच्याशी मी अंतराच्या भाषेत बोलले असते. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे आणि पुण्याहून सासवडला जाणारा दिवे घाटाचा एकच टप्पा ३० किलोमीटरांच्या आसपास भरतो. ज्या गुडघ्याला घरातून मंदिरापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते, त्याला ते झेपणार नाही. पण माझी खरी काळजी गुडघ्याची नसून तळपायांची आहे. पावसात भिजलेल्या चपलेत तीन आठवडे चालल्यावर फोड, भेगा आणि चिखल्या होतातच आणि पायावर उघडी जखम असताना जबाबदार सर्जन सांधा बदलत नाही. दहा दिवसांत ती भरून येईलच असे नाही.

त्यामुळे दोन गोष्टी सुचवते. शस्त्रक्रियेची तारीख आषाढीनंतर निदान चार आठवड्यांवर मागून घ्यावी. आणि सासूबाईंनी दिंडीच्या मुक्कामाला छोट्या गाडीने पोहोचावे. ट्रकमध्ये बसू नये, कारण ट्रकच्या फळीवर चढणे-उतरणे हे चालण्यापेक्षा वाईट आहे. मुक्कामी तळावरची सपाट वाट काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे चालावी, हरिपाठाला खुर्चीवर बसावे आणि रिंगणात फुगडी घालू नये. ही शेवटची अट त्यांना कोणी सांगायची, ते मात्र आपणच ठरवा. सांधा बदलल्यानंतर पुढच्या वर्षी काही टप्पे पायी करता येतील का, हा प्रश्न त्यांनी स्वतः सर्जनांना विचारावा. उत्तर अनेकदा आशादायक असते आणि ते त्यांच्या तोंडून ऐकले की यंदाचा हट्ट सुटतो.

प्रश्न : विम्याची पॉलिसी घेऊन चौदा महिने झाले. चोवीस महिने पूर्ण झाल्याशिवाय सांधेबदलाचा खर्च मिळणार नाही असे कंपनी म्हणते. दहा महिने थांबल्याने कायमचे नुकसान होईल का? दोन्ही गुडघे एकदमच करून घ्यावेत का? आमचे घर जुने असून शौचालय भारतीय पद्धतीचे आहे, तेथे बसणे आताच अशक्य झाले आहे. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : शौचालयापासून सुरुवात करते, कारण ते आजच सुटू शकते. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवण्याची, मध्ये मोकळी जागा असलेली पोलादी कमोड-खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत मिळते. तिच्या पायांना रबरी बुचे आहेत आणि ती डुगडुगत नाही, एवढे पाहून घ्यावे. भिंतीत पक्का कठडा बसवावा. टॉवेल वाळवण्याची दांडी माणसाचा भार पेलत नाही. जेवण, पूजा, भाजी निवडणे हे सारे आतापासूनच खुर्ची-टेबलावर आणावे. शस्त्रक्रियेनंतर तसेही हेच करायचे आहे.

अपघाताखेरीज होणाऱ्या सांधेबदलासाठी विमा कंपन्या दोन ते तीन वर्षांची प्रतीक्षा ठेवतात आणि २०२४ च्या नियमांनुसार ही प्रतीक्षा ३६ महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणजे कंपनीचे म्हणणे नियमबाह्य नाही. स्वखर्चाने आताच करण्याचा विचार असल्यास एवढे ध्यानात घ्यावे की केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली होती. बिलातील उरलेला मोठा भाग रुग्णालय, भूल आणि खोली यांचा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणांहून तपशीलवार अंदाजपत्रक लेखी घ्यावे.

दोन्ही गुडघे एकदम करावेत की नाही, हे गुडघ्यांपेक्षा हृदय आणि फुप्फुसे ठरवतात. अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. देशाच्या पंतप्रधानांनाही मध्ये आठ महिने द्यावे लागले. एकेक करायचा ठरला तर पहिल्या गुडघ्यानंतर सारा भार दुसऱ्या, न बदललेल्या पायावर येतो, म्हणून सांगलीच्या वाचकांना सांगितलेले व्यायाम आपण दोन्ही पायांनी करावेत. वजन अधिक असेल तर या दहा महिन्यांत पाच किलो कमी करण्याचा प्रयत्न करावा. शरीराचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. असा भार कोणत्याही गोळीने उतरत नाही.

दहा महिन्यांनी कायमचे नुकसान होते का, याचे उत्तर त्या दहा महिन्यांत पाय कसा राहतो यावर आहे. दर महिन्याच्या एक तारखेला लवणीखाली हात घालण्याची परीक्षा करावी, समोरून दोन्ही पायांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते ते मोजून लिहावे. पाय धनुष्यासारखा अधिकाधिक बाहेर वाकत असेल, गुडघा सरळ होणे कमी होत असेल किंवा उठण्याचा आकडा महिन्यामागून महिना घसरत असेल तर ती वही घेऊन सर्जनांकडे जावे आणि विम्याच्या तारखेपर्यंत थांबणे परवडते का, हे पुन्हा विचारावे. गुडघा गरम आणि लाल होऊन ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, पडल्यानंतर पायावर भार देता येईना किंवा गुडघा एकाच कोनात अडकून बसला, तर मात्र महिना संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.